गँबिट आणि टँकर

२४ एप्रिल १९८३, रविवार
लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले, पण जिल्ह्याला अजून बुद्धिबळाचा चॅम्पियन नाही. आठ मेच्या स्पर्धेत ती उणीव भरून काढायची. आजपासून रोज दोन तास सराव. चांगुणाला म्हटलं, स्पर्धा झाली की टँकरचं पाणी भरायचं काम माझ्याकडे. ती घागर घेऊन निघून गेली. म्हणजे बायकोला पटलं.

२७ एप्रिल
लायब्ररीतून पुस्तक आणलं. पहिलंच प्रकरण किंग्ज गँबिट. दुसऱ्याच चालीला प्यादं फुकट द्यायचं आणि तुटून पडायचं. माझ्या स्वभावाला शोभतं. पुढची प्रकरणं बचावाची. वाचायची गरज नाही.

१ मे
सुट्टी. सराव नाही.

४ मे
चांगुणाची कंबर धरली. म्हणाली, रविवारच्या टँकरला तरी या, मला एकटीला व्हत न्हाई. हाव म्हटलं. रविवारीच स्पर्धा आहे, हे मागून आठवलं.

८ मे, सकाळी ७
पाणी संपलं. चहा अर्धा कप. टँकर साडेदहाला. तोवर समोरचा आडवा होईल, येतोच, असं सांगून निघालो.

दुपारी १
जिंकलो! समोर डाळ मिलमधले संगप्पा. प्यादं दिलं, त्यांनी खाल्लं. मग घोडा खाल्ला, हत्ती खाल्ला. आक्रमणात एवढं चालायचंच. माझा राजा जरा उघड्यावर आला होता, तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न. संगप्पांनी खुर्चीखालच्या दोन घागरी उचलल्या, आलोच म्हणाले आणि गेले ते गेलेच. पंचांनी वीस मिनिटं वाट पाहून मला विजयी केलं. गँबिटचा धसका!
टँकरला जाणारच होतो, पण विजेत्यानं उठून जाणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी
दुसऱ्या फेरीत नऊ चालींत हरलो. उदगीरच्या मास्तरांना गँबिट पाठ होता. याला काय खेळ म्हणायचं?
घरी रांजण भरलेला. चांगुणा म्हणाली, रांगेत कुणी संगप्पा भेटले, लई भला माणूस हाय. तिची कंबर बघून आधी आपल्या घरच्या घागरी भरून आणून दिल्या, मग स्वतःच्या भरल्या. त्यात बिचाऱ्यांचा जिंकत आलेला डाव गेला म्हणे. कुणाशी होता, ते तिनं विचारलं नव्हतं.
मीही सांगितलं नाही.

१० मे, सकाळी
टँकरला दोघं गेलो. पुढे संगप्पा. त्यांनी आधी चांगुणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्पर्धेचं अवाक्षर काढलं नाही. म्हणाले, या साहेब, माझ्या पुढं लागा, वहिनीची कंबर दुखून राहिली.
फार लाज वाटली. तरी पुढे लागलो.