लिल् ड्रेटनचा संन्यास आणि आमच्या घरचं सुतक

दवनीवाडा, सोमवार

तीर्थस्वरूप खेमराज भाऊजींच्या चरणी केवलरामचा दंडवत. ताईचा खोकला गेला का? (तिला म्हणावं, धुळीत झाडू मारत जाऊ नको.) इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, पण गावाला ते पटून नाही राहिलं.

झालं असं की, बुधवारी तुमची भाची आचल कॉलेजातून आली आणि मोबाईल पाहून ओक्साबोक्शी रडू लागली. तिच्या आईनं, चंदानं विचारलं, "कोन गेलं वो?" तर म्हणे, "लिल् ड्रेटन गेला." शेजारच्या सुशिलाबाईंनी कुंपणापलीकडून एवढंच ऐकलं आणि घटकाभरात आमचं अंगण माणसांनी भरलं. सगळे सुतकाला बसतात तसे दुपट्टा डोक्यावर घेऊन बसले, म्हणून मीही बसलो. कोण मेलं ते मला ठाऊक नव्हतं, पण घर आपलंच, विचारावं कोणाला?

शेवटी नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी वाटणाऱ्या समितीचे चुन्नीलालजी म्हणाले, "तुमचा कोन लागे तो?"

"मेला नाही जी," आचल आतून म्हणाली, "त्यानं गाणं सोडलं."

मग ती सांगत गेली आणि मी लोकांना समजावत गेलो. हा अमेरिकेतला रॅपर. (रॅप म्हणजे हापशीवरच्या भांडणाला ढोलकीची साथ, असं मला वाटतं. आचलला ते मान्य नाही.) लिल् म्हणजे लहान, पण माणूस दारातून वाकून शिरेल एवढा. बाप सोडून गेला, आजीनं वाढवला, चर्चमध्ये गायचा, मारामारीत जेलात गेला, तिथंच गाणी लिहिली. वस्तीचं पाणी नासवणाऱ्या कारखान्यावरच्या गाण्यानं जगभर नाव झालं. आणि आता म्हणे मन भरलं. "आजीचं काय झालं मंग?" म्हणून सुशिलाबाई खरोखर रडल्या. आजीचं काय झालं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

कोणीतरी म्हणालं, "गाऊन तं दाखव." आचल डोळे पुसून उभी राहिली. तिनं त्याचं नाही, स्वतःचंच गाणं काढलं:

"नहराचं पानी कोनाच्या बांधी?
आमी उभे पारीवर, तुमी बसले गादी!"

(बांधी म्हणजे आमचं धानाचं शेत, पारी म्हणजे त्याचा बांध.) चुन्नीलालजी चहा न घेता उठले. मी कप घेऊन फाटकापर्यंत त्यांच्यामागं धावलो, कारण आमचं उन्हाळी धानाचं रोवणं पाण्यावाचून पिवळं पडून राहिलं होतं. पण सकाळी पाहतो तर बांधी पाण्यानं भरलेली! चुन्नीलालजी लाजले, की दुसऱ्या कडव्याला घाबरले, मला उमगत नाही. त्यात ड्रेटननं संध्याकाळीच कळवलं की तो पुन्हा गाणार. आता लोक मला विचारतात, मग आम्हाला बोलावलं काऊन?

चंदा म्हणते, पोरीचं नाव खराब झालं, यापुढं घराबाहेर गाणं नाही. मीही तेच म्हणतो. तुम्ही वडीलधारे, तुम्ही येऊन पोरीला समजवा.

आपला,
केवलराम

ता. क. समजवायला येऊ नका. रविवारी तुमच्या आमगावातच गाण्याची स्पर्धा आहे. चंदाचा फोन आला तर आचल ताईला भेटायला आली आहे, असं सांगा.

ता. क. रविवारी मीही तिच्यासोबत येऊन राहिलो. मागून "हो! हो!" म्हणायला एक माणूस लागतो, म्हणून गोठ्यात सराव सुरू आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला मिळालेला काळा चष्मा तेवढा पुसून ठेवा.