बरकतभाईंचे पाच एक्स्पोजर

१ डिसेंबर २०२४, रविवार. दुपारी १२.१०
गणराजशी संबंध संपले. कायमचे. शांत डोक्याने लिहितोय, रागात नाही.

कारण नोंदवून ठेवतो. आज चिंचवडला आमच्या फोटो ग्रुपची मीटिंग होती. मी पवनेच्या घाटाचा एचडीआर दाखवला. एचडीआर म्हणजे एकाच जागेचे पाच फोटो (एक्स्पोजर), अंधाऱ्यापासून उजळापर्यंत, काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकत्र करायचे. सावलीतलंही दिसतं, उन्हातलंही. ग्रुपमध्ये हे फक्त मला येतं. गणराजने विचारलं की हे नदीचं पाणी आहे की केकवरचं आयसिंग. अकरा जण हसले. अध्यक्ष रंगरावकाकाही हसले, ज्यांना मी दर दिवाळीला फराळ पोचवतो.

एकोणीस वर्षांची मैत्री. चाकणला एकाच कंपनीत, तो मेंटेनन्सला, मी क्वालिटीत. एकाच बसने, एकाच सीटवर. पहिला कॅमेरा दोघांत मिळून घेतला होता. संपलं.

संकल्प: उद्यापासून बसमध्ये ड्रायव्हरजवळ बसायचं.

२ डिसेंबर, सोमवार
ड्रायव्हरजवळ बसलो. तिथे इंजिन तापतं. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत डावा पाय भाजला. मागे वळून पाहिलं नाही. फक्त दोनदा पाहिलं. गणराज झोपला होता. झोपेचं सोंग असणार.

५ डिसेंबर, गुरुवार
२६ जानेवारीला ग्रुपचं प्रदर्शन. विषय: ‘कामाचे हात’. पहिला आलेला फोटो हॉलच्या दारात, माणसाच्या उंचीचा लावणार. माझाच लागेल. त्याच्या बाजूला उभा राहून गणराजला काय बोलायचं तेही लिहून ठेवलंय (शेवटच्या पानावर).

मॉडेल मिळालं. रहाटणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी बरकतभाईंचं टू-व्हीलर गॅरेज आहे. एकतीस वर्षं जुनं. जागामालकाने प्लॉट बिल्डरला दिला, त्यामुळे १० जानेवारीला खाली करायचंय. मग बरकतभाई आणि त्यांची बायको सलिमाभाभी मुलीकडे नाशिकला जाणार. गाडीची चेन टाइट करून घ्यायला गेलो तर म्हणाले, “समाधानभाऊ, दुकान उठायच्या आत एक फोटो काढा. मी आणि दुकान. बाकी काही नको.”

म्हटलं, एक नाही, पाच काढतो आणि त्यातून एक करतो. ते म्हणाले की मग एकच का नाही काढत. सामान्य माणसाला तंत्र समजावणं अवघड असतं.

८ डिसेंबर, रविवार. दुपारी ३
पहिला शूट. ट्रायपॉड लावला. बरकतभाईंना सांगितलं की पाचही फोटो होईपर्यंत पुतळ्यासारखं बसा. बसले नाहीत. दुसऱ्या फोटोला गिऱ्हाईक आलं, चौथ्याला शिंक. पाचही एकत्र केल्यावर बरकतभाईंना तीन पाने (स्पॅनर) धरलेले तीन हात आणि दीड नाक.

चूक त्यांची. तरी मी बोललो नाही. फक्त म्हणालो की जरा प्रोफेशनल व्हा. विजयश्रीने फोटो बघून एवढंच विचारलं की यातले खरे बरकतभाई कुठले. बायकोच्या टोमण्यांकडे लक्ष द्यायचं नाही, हा संकल्प जुनाच आहे. पुन्हा केला.

१२ डिसेंबर, गुरुवार
गणराज आज बसमध्ये पुढे आला आणि माझ्या हातात आलेपाकाच्या वड्यांची पुडी ठेवून गेला. म्हणाला की तुला बस लागायला लागलीय वाटतं, पुढे बसतोस, हे चघळ. काय खोचक माणूस आहे! सगळ्या बससमोर मला कमजोर ठरवलं. वड्या खिडकीतून फेकणार होतो. मोशीपर्यंत सगळ्या संपल्या.

आज त्याचा मेसेजही आला, रविवारी येतोस का फोटो काढायला म्हणून. उत्तर दिलं नाही. त्याला कळू दे, युद्ध चालू आहे.

१५ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ६
दुसरा शूट. आता नैसर्गिक प्रकाशावर माझा विश्वास नाही. दोन स्टुडिओ लाइट आणलेत. विजयश्रीला सांगितलं की ऑफिसच्या कामाचे आहेत. प्रकाश मऊ पडावा म्हणून तिची पांढरी चादर लाइटसमोर बांधली. चादरीवर ग्रीस लागलं. ते जाईल.

एक लाइट खालून लावला. सलिमाभाभी डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि घाबरून नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, ताप आहे का म्हणून. त्याच वेळी दुसरा स्टँड कलंडला आणि दुरुस्तीला आलेल्या स्कूटीवर पडला. आरसा फुटला. स्कूटीवाली बाई मला वाटेल ते बोलली. मी तिला वाऱ्याची दिशा समजावून सांगत होतो, पण ऐकायची तयारी नाही. बरकतभाईंनी आपल्याकडचा आरसा बसवून दिला आणि तिला चहा पाजला. काम थांबलं ते थांबलंच. असल्या लोकांमुळे आपल्याकडे कला मागे पडते.

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.३०
हेरगिरी! 

दूध घेऊन परत येत होतो तर गॅरेजमध्ये गणराज. गाडी सर्व्हिसिंगला आणली म्हणे. गळ्यात कॅमेरा. स्टुलावर बसून बरकतभाईंशी गप्पा, दोघांच्या हातात चहा. मी टेम्पोमागे उभा राहून पाऊण तास पाहिलं. त्याने त्या पाऊण तासात एक फोटो काढला. एकच. ट्रायपॉड नाही, लाइट नाही, बरकतभाईंना नीट बसवलंसुद्धा नाही. मग कॅमेरा खाली ठेवून पुन्हा गप्पा. दूध तापलं, म्हणजे उन्हात राहून नासलं.

तो गेल्यावर आत गेलो. बरकतभाईंना बजावलं की तुम्ही माझे मॉडेल आहात, दुसऱ्याला फोटो देता येत नाही. ते कापडाने हात पुसत म्हणाले, “मॉडेल कसला भाऊ, मी मेकॅनिक आहे. त्याने पण काढला, तुम्ही पण काढा.”

विश्वासघात. दोघांचाही.

२२ डिसेंबर. दुपारी ४
रंगरावकाकांना पत्र लिहिलं, दोन पानी. काही सदस्य (नाव घेतलं नाही, पण ‘मेंटेनन्स’ हा शब्द दोनदा वापरला) सॉफ्टवेअरने फोटो बदलतात असा दाट संशय आहे. तरी प्रत्येकाने कॅमेऱ्यातली मूळ फाइल सोबत द्यावी, आणि मूळ फाइलशी न जुळणारा फोटो थेट बाद करावा. एका फोटोत एवढं काम होणं शक्यच नाही, गणराज काहीतरी घोळ करणार. पकडला जाईल.

२५ डिसेंबर, बुधवार
काकांचा फोन. सूचना एकदम पसंत. ते टूलरूममधून रिटायर झालेत, नियम म्हटलं की खूश. नियम आजपासून लागू, आणि त्यावर ‘सूचक: समाधान’ असंही टाकलंय. एकोणीस वर्षांत गणराजवर मिळवलेला हा माझा सगळ्यात मोठा विजय.

२९ डिसेंबर, रविवार. दुपारी २
तिसरा शूट. ऐतिहासिक.

गॅरेजची आवराआवर सुरू झाली होती. भिंतीवरची अर्धी हत्यारं पोत्यात गेलेली. मी ती सगळी बाहेर काढून परत खिळ्यांवर लावायला लावली. दीड तास गेला. बरकतभाईंना धुतलेला शर्ट घालायला लावला. डोकं हलू नये म्हणून मागे कॉम्प्रेसर ठेवून मफलरने हलकंसं बांधलं. सलिमाभाभींना ते आवडलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघत नवऱ्याला विचारलं की हा फोटो आहे की दात काढायचाय. बरकतभाईंनी त्यांना गप्प केलं. पाचही फोटोंना श्वास रोखून बसले. शेवटी डोळ्यांत पाणी आलं होतं. भावना आली असणार. फोटोत उतरेल.

१ जानेवारी २०२५, बुधवार
सुट्टी टाकून सकाळपासून कॉम्प्युटरवर. पाच एकत्र केले. डिटेलचा स्लायडर आधी चाळीसवर ठेवला, मग साठ, मग म्हटलं नव्या वर्षी कंजुषी कशाला, शंभर. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती पाइपलाइनसारखी दिसते. ग्रीस निळं झालंय. भिंत आतून पेटल्यासारखी. एक हात मात्र थोडा हलला होता, म्हणून ८ डिसेंबरच्या फोटोतला हात कापून तिथे बसवला. हात तो हात.

विजयश्रीला दाखवला. ती स्क्रीनपासून दोन पावलं मागे सरकली. भारावली असावी. मग विचारलं की बरकतभाईंना दाखवलात का. म्हटलं, प्रदर्शनाआधी कोणालाही नाही. ती म्हणाली की तो माणूस दहा तारखेला जातोय. ही मुद्द्यावर कधीच येत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार
गॅरेज उठलं. शटर, बोर्ड, सगळं टेम्पोत. संध्याकाळी बसमधून उतरलो तेव्हा बरकतभाई रिकाम्या जागेत झाडू मारत होते. पाडायचीच जागा, झाडायची कशाला, कळेना. माझा हात धरून म्हणाले की फोटो झाला का, सोबत नेला असता. मी समजावलं की स्पर्धेतल्या फोटोला गुप्तता लागते, २६ नंतर मोबाइलवर पाठवतो. बरं म्हणाले. इतका समंजस मॉडेल मला पुन्हा मिळायचा नाही.

थोडं वाईट वाटलं. पण कलाकाराला कठोर राहावं लागतं.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी १
बाद.

मी बाद. पुन्हा लिहितो, म्हणजे खरं वाटेल. रंगरावकाकांचा फोन आला. म्हणाले की मूळ फाइल मागवल्या तर तुझ्या सहा आल्या, आणि फोटो त्यातल्या एकाशीही जुळत नाही. मी एचडीआर समजावायला लागलो. त्यांनी मध्येच तोडलं आणि म्हणाले, “समाधान, तुझ्या फोटोतल्या माणसाचे दोन्ही हात उजवे आहेत. कमिटीला वाटलं एआयने काढलाय. आणि नियम तूच सुचवलास.”

फोन ठेवून फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही अंगठे एकाच बाजूला आहेत.

तेवीस वर्षं मी क्वालिटीत आहे. दिवसाला चारशे पार्ट तपासतो. याचा इथे काही संबंध नाही. ‘उजवे’ हे कमिटीचं मत झालं. आणि काकांना कोणी फूस लावली, हे मला पुरतं ठाऊक आहे.

संकल्प: ग्रुप सोडणे. स्वतःचा ग्रुप काढणे. त्यात रंगरावकाकांना घेणार नाही, मागे लागले तरी.

२० जानेवारी, सोमवार
नव्या ग्रुपमध्ये सध्या मी. विजयश्रीला घातलं होतं. ती बाहेर पडली.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी १२.४५
प्रदर्शनाला जाणार नव्हतो. शत्रूची तयारी पाहावी म्हणून गेलो, टोपी घालून.

हॉलच्या दारातच बरकतभाई. माणसाच्या उंचीचे. हातात चहाचा ग्लास, गणराजच्या कुठल्यातरी बोलण्यावर हसतायत. मागे अर्धं गॅरेज अंधारात. दारातून आलेलं ऊन सरळ पांढरं जळालंय. एकही डिटेल नाही त्यात. भिंतीवरचा पाना किती नंबरचा आहे तेसुद्धा वाचता येत नाही. डावा हात मांडीवर आणि त्याच्या बोटांतलं काळं अजून निघालेलं नाही. तांत्रिकदृष्ट्या अत्यंत कच्चा फोटो. मी त्याच्यासमोर बहुतेक अर्धा तास उभा होतो. गर्दीमुळे पुढे सरकता येत नव्हतं. गर्दी नंतर गेली होती म्हणतात.

गणराज भेटला. म्हणाला की तुझा बाद झाला ऐकून वाईट वाटलं, मी काकांना म्हटलं होतं की बाहेर चहाच्या टेबलाजवळ तरी लावा, मेहनत केलीय त्याने. चहाच्या टेबलाजवळ! मला अपमान करायला अजून जागा शोधतोय. मी त्याला शेवटच्या पानावर लिहिलेलं बोलणार होतो, पण ते जिंकल्यावरचं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०
नाशिकहून बरकतभाईंचा फोन. तब्येत, थंडी, नातू. मग म्हणाले की प्रदर्शन झालं असेल, आता फोटो पाठवता का. जगात एक माणूस तरी माझ्या कामाची वाट बघतोय. लगेच पाठवला, फुल साइझ.

२ फेब्रुवारी. सकाळी १०.४०
त्यांचा व्हॉइस मेसेज आला. चारदा ऐकला. जसाच्या तसा लिहितो: “समाधानभाऊ, फोटो आला. पण हे कोण आहेत? चुकून दुसऱ्या कोणाचा आला वाटतं. आमचा सापडला की पाठवा. घाई नाही.”

मागे सलिमाभाभी काहीतरी म्हणतायत. कळत नाही.

२ फेब्रुवारी. संध्याकाळी ५
तीन शूट, दोनशे अकरा फाइली. सगळ्या उघडून पाहिल्या. एखादी साधी, न जोडलेली, पाठवता येईल म्हणून. एकात डोळे मिटलेले. काहींत डोक्याला मफलर. बाकी सगळ्यांत ते माझ्याकडे बघतायत, झालं का, असं विचारल्यासारखे. पाठवण्यासारखी एक नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
बसमध्ये मागे गेलो. गणराजने खिडकीकडे सरकून जागा केली. निमित्त काढलं की पुढे इंजिनचा त्रास होतो. मग भोसरी आल्यावर म्हटलं की बरकतभाईंना तुझा फोटो पाठवतोस का, त्यांना हवाय.

तो म्हणाला की दिलाय की. ते गेले त्या दिवशीच, फ्रेम करून. नाशिकला मुलीकडे हॉलमध्ये लावलाय, भाभींनी व्हिडिओ कॉलवर दाखवला.

मी विचारलं, मग काल माझ्याकडे परत कशाला मागत होते?

गणराजने खिडकीची काच ओढून लावली. मग म्हणाला, “तू इतके रविवार घालवलेस त्यांच्यापायी. त्यांनी तुझा मागितलाच नसता, तर तुला वाईट वाटलं असतं ना.”

मोशीच्या सिग्नलला त्याने आलेपाकाच्या वड्यांची पुडी पुढे केली. चाकणपर्यंत दोघांनी मिळून संपवली.