पाटाच्या पलीकडची गाजरं

३ डिसेंबर

उशीर झाला, माफ कर. तेरा दिवस वहीला हात लावला नाही. थंडीने बोटं फुटली आहेत हे कारण आहे, पण खरं नाही. त्याच बोटांनी मी पत्ते पिसले, चहा ओतला. लिहायचीच लाज वाटत होती.

दोन आठवड्यांमागच्या रविवारी शहराबाहेरच्या बागांच्या फाटकाशी इस्मारला चोर म्हणालो. सगळ्यांसमोर! वॉचमन मित्या होता, कोबीवाल्या दोघी बहिणी होत्या, तोकमोकला परतायला मिनीबसची वाट बघणारे पाच-सहा जण होते.

झालं असं. ऑक्टोबरात मी माझ्या बागेत दोन गोण्या गाजर वाळूत पुरून ठेवलं. नोव्हेंबरच्या वादळात खुणेच्या काठ्या पडल्या – माझी, आणि शेजारच्या बागेतली इस्मारचीही. लाल चिंधीची माझी काठी बर्फात सापडली, ती मी परत रोवली. मग तिथे खणलं तर गाजर जेमतेम दोन बादल्या! हिवाळ्यात आमच्या त्या कोपऱ्यात फिरकणारे आम्ही दोघंच. मी आणि तो. मग दुसरं कोण घेणार?

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला तो थोरला भाऊ मानतो, बायके म्हणतो. म्हणाला, "घेतली असतील, बायके. मला आठवत नाही. माफ करा."

आठवत नाही म्हणे! केवढा साळसूद, असं वाटलं तेव्हा. मी आणखी काही बोललो. ते इथे लिहीत नाही.

४ डिसेंबर

बुरुल गाजरं धुवत होती. म्हणाली, "यांची डोकी नाही छाटलीस?"

छाटली होती. छाटलीच होती!

"तुला हल्ली काय आठवतं?" म्हणाली. बायको झाली म्हणून काहीही बोलायचं का? सूप मात्र गोड झालं होतं.

१२ डिसेंबर

गुडघाभर बर्फ. बागेत गेलो आणि सफरचंदाच्या बुंध्यांभोवती बर्फ तुडवून घट्ट केला. नाहीतर उंदीर बर्फाखालून येऊन साल कुरतडतात. इस्मारच्या तीन झाडांपाशी एक पाऊल उमटलेलं नाही. त्याच्या खोपीच्या धुराड्यातून धूर नाही.

फाटकापर्यंत गेलो, परत आलो, त्याच्याही तीन झाडांभोवतीचा बर्फ तुडवला. झाडांचा काय दोष?

बायको सलिमे वारल्यापासून तो एकटा आहे. खोपीला कुलूप लावलं का ते बघायला तीन-तीनदा मागे जातो. मी त्याला हसायचो.

२३ डिसेंबर

मित्या म्हणाला, "इस्मार गेला कराकोलला, मुलीकडे. किल्ली माझ्याकडे ठेवलीय. आता राहा थाटात, सगळा बर्फ तुमचाच!"

"मी त्याला जा म्हटलं नव्हतं."

"छे! नुसतं चोर म्हटलं."

घरी येऊन जेवलो नाही. बुरुलला वाटलं, पोट बिघडलं.

१७ जानेवारी

तीन दिवस कडक ऊन पडलं, बर्फ खचला. आमच्या दोन बागांमधला पाण्याचा पाट वर आला. नोव्हेंबरपासून तो दिसलाच नव्हता.

माझी लाल चिंधी पाटाच्या पलीकडे होती. इस्मारच्या बाजूला!

अलीकडे आलो. जुन्या सफरचंदापासून सात पावलं मोजली, कुदळ घातली. गोणपाट लागलं. खाली वाळू, वाळूत गाजर. दोन्ही गोण्या. डोकी छाटलेली.

तिथेच बसलो. काठी मी रोवली, खणलं मी, खाल्लं मी, आणि फाटकाशी ओरडलोही मीच.

१८ जानेवारी

बुरुलला सांगितलं नाही.

२० जानेवारी

दाढी करताना एकदम लक्षात आलं. तोंडावर साबण तसाच वाळला. इस्मारची ती बियाण्याची गाजरं होती! डोकं नीट छाटलं की गाजर फुटत नाही. न छाटता ठेवलं तर वसंतात परत लावायचं, मग फुलतं, बी धरतं. इस्मारने ऑक्टोबरात सांगितलं होतं मला. पुरताना पाटापलीकडून म्हणाला होता, "ही सलिमेची, बायके. तीस वर्षं तिने हेच बी जपलं, मला कधी हात लावू दिला नाही. आता मलाच धरायला हवं."

मी ऐकलं होतं. मानही हलवली होती.

गॅलरीत धावलो. बादली रिकामी.

"बुरुल, गाजरं?"

"काल पुलाव कशाचा खाल्लास?"

"आणि डोकी?"

"कचऱ्याच्या गाडीत. डोक्यांचं काय करणार होतास?"

मग सांगितलं. सगळं. तिने रुमालाला हात पुसले. किती तरी वेळ पुसत होती. "सगळ्यांसमोर म्हणालास ना?" म्हणाली. "मग सगळ्यांसमोरच सांग."

२ फेब्रुवारी

इस्मारला फोन लावला. एक घंटी वाजली आणि मी ठेवून दिला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस मी!

१६ फेब्रुवारी

बसमध्ये सुचलं. माझं गाजरही सलिमेच्याच बियाण्याचं! गेल्या वसंतात तिने फडक्यात बांधून दिलं होतं. "पातळ पेरा हं बायके, कोंबड्यांपुढे टाकल्यासारखं टाकू नका." मग मे महिन्यात ती गेली.

पण मी तर डोकी छाटून ठेवलेली. तरी खड्डा उघडला. एकेक गाजर हातात घेऊन पाहिलं. वरच्या थरातली मी सगळ्यात शेवटी छाटली होती. पाठ मोडून आली होती, कसंतरी उरकलं होतं. इस्मार हसायचा माझ्या कामाला – "बायके, तुम्ही गाजर छाटता की त्याची हजामत करता?" हजामतच केली होती! नुसती पानं उडवलेली. अकरा गाजरांना मधोमध पिवळे कोंब आले आहेत.

अकरा!

परत वाळूत ठेवली, वर पेंढा, वर गोणपाट. दोन काठ्या रोवल्या. पाट कुठे आहे ते तीनदा पाहिलं. डोळ्यांना पाणी आलं. वाऱ्यानेही येतं.

१ मार्च

आज सांगणार होतो. फाटकाशी माणसं कमी होती. म्हणून नाही सांगितलं.

खोटं. पुरेशी होती.

९ मार्च

पाट साफ करायला सगळे जमले होते. बुरुलही आली, मुद्दाम माझ्यासमोर उभी राहिली. फावडं टेकवून बोललो, आवाज चिरका निघाला. "इस्मारने काही घेतलं नव्हतं. मीच त्याचा खड्डा खणला. माझं गाजर माझ्याकडेच होतं."

मग कोबीवाल्यांपैकी थोरली म्हणाली, "म्हणजे चोरीही तुमची आणि बोंबही तुमचीच!" सगळे हसले. मीही हसायला गेलो, जमलं नाही.

मित्या हसला नाही. "आम्हाला काय सांगता? त्याला सांगा."

तिथूनच फोन लावला. बंद. दुपारी बंद. घरी आल्यावर बंद.

३० मार्च

अकरा गाजरं इस्मारच्या वाफ्यात लावली, कोंब तेवढे मातीवर. तो येईल, बघेल, विचारेल. मग बोलायला सोपं जाईल, असा माझा बेत. काही न बोलता माफी मिळवायचा बेत, असं बुरुल म्हणते.

७ एप्रिल

इस्मारची मुलगी झुहरा आली होती, बाग सोडून द्यायला. मी तोंड उघडायच्या आत तिने माझे दोन्ही हात धरले. "काका, बाबांना माफ करा. तुमची गाजरं त्यांनी नेली आणि त्यांना त्यातलं काही आठवत नाही. आता दुकानात जात नाहीत, हात काय करतील भरवसा नाही म्हणतात. फोनही मला देऊन टाकला. रोज संध्याकाळी दारात उभे राहतात – झुहरा, माझे खिसे बघ."

तो साळसूदपणा नव्हता. माझं खरं मानलं त्याने!

तिला सगळं सांगितलं. ती रडली, मग रागावली, मग बाग राहू दे म्हणाली, किल्ली मित्याकडे परत ठेवायला दिली. चिठ्ठी लिहून तिच्या हातात ठेवली. ती इथे उतरवतो.

"इस्मार, तू घेतली नाहीस. मी घेतली, तुझ्याच खड्ड्यातून. तुझं डोकं ठीक आहे. सलिमेची अकरा तुझ्या वाफ्यात आहेत, आठांना पानं फुटलीत. मला बी धरता येत नाही. खिसे दाखवू नकोस कोणाला. कधी येतोस ते लवकर कळव."