कमळला भरवताना

मी, देवजी चांगो वेखंडे, वय एकसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार सापगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, माझ्या पश्चात काय व्हावे ते स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. छातीचे दुखणे बरे होण्यातले नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, म्हणून हा कागद आत्ताच करीत आहे.

१. सापगावचे कौलारू घर व मागचे परसदार पत्नी कमळ हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तोवर ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये. नंतर मुलगा रितेश मालक होईल.

घर मी बांधले तरी उभे तिने केले. पूर्वी मी येईल त्या कामाला हो म्हणायचो. कोणाचे दार, कोणाचा नांगर, कोणाचा पाळणा, सगळे अर्धवट. १९९१ साली मुरबाडहून एक बाप मुलीच्या लग्नाचा पलंग न्यायला आला, तेव्हा पलंगाला पाय नव्हते. तो रिकामा टेम्पो घेऊन गेला. त्यानंतर कमळने माझा दिवस हातात घेतला. "हातातलं पुरं करा, मंग दुसऱ्याला हात लावा," एवढेच म्हणाली. सकाळी एकच काम पुढ्यात, बाकीच्या फळ्या झाकून. गिऱ्हाइकाने यायचे ते जेवणानंतर. तोवर ती दारात तांदूळ निवडत बसे आणि आलेल्याला परत पाठवी. पुढे वाशिंदच्या नव्या इमारतींची दारे माझ्याकडे येऊ लागली.

२. पडवीबाहेरचे सागवानी बाकडे शेजारी धोंडी निमसे यांना. कमळने त्यांच्या माझ्याशी सकाळच्या गप्पा बंद केल्या, तेव्हा ते तिला म्हणाले होते, "घर हाय का कचेरी गो?" आणि कित्येक वर्षे बोलले नाहीत. आता हवे तितके बसावे, बोलावे. घरात कोणाचा आवाज असला की कमळला बरे वाटते.

३. रंधे, पटाशा, करवती माझ्या हाताखाली शिकलेल्या खर्डीच्या लखमाला. रंधा धरला की तो मान वर करीत नाही. रितेशने राग धरू नये. त्याने ही हत्यारे कधी मागितली नाहीत.

४. पोस्टातील ठेव कमळच्या औषधपाण्यासाठी. सून भाविका हिने ती पाहावी.

५. गेल्या वर्षी कमळला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घास गिळायला तिला फार वेळ लागतो. यंदा गणपतीत रितेश आला होता. आईला भरवत होता आणि कानाला मोबाइल. पहिला घास उतरायच्या आत दुसरा दिला. कमळ गुदमरली, डोळे फिरवले. भाविकाने तोंडात बोट घालून घास काढला. रितेशने मोबाइल खाली ठेवला. म्हणाला, "बाबा, कंपनीचा फोन व्हता. नाय उचलला तर शिफ्ट जाते."

तो खोटे बोलत नव्हता. त्याचा वेळ त्याच्या हातात नाही. त्याला रागवावे की जवळ घ्यावे, हे मला तेव्हा कळले नाही, अजून कळत नाही.

६. म्हणून अट लिहितो. जो कोणी कमळला भरवील, त्याने त्या वेळी दुसरे काही करू नये. टीव्ही बंद, फोन बाहेर. घास उतरला की ती डाव्या हाताने पदर चाचपते. त्यानंतरच पुढचा द्यावा.

हे वाचून वकील म्हणाले, "देवजीभाऊ, घर लिहून देता येतं. माणसाला कोणाच्या हवाली करता येत नाही. ही अट टिकणार नाही." मी विचारले, मग ती कुठे लिहू? त्यांनी ओळ खोडायला पेन उचलले. खोडू नका, एवढेच मी म्हणालो.

साक्षीदार आले आहेत, पण कमळची पेजेची वेळ झाली आहे. त्यांना ओट्यावर बसवले आहे. तिला भरवून मग सही करतो.

(सही) देवजी चांगो वेखंडे

वरील सही देवजी यांनी आम्हा दोघांसमोर केली, व आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. महादू फर्डे, सापगाव
२. सरस्वती विशे, सापगाव

ठिकाण: सापगाव
दिनांक: २२ नोव्हेंबर २००५