एका दिवसापुरते माझे नाव

चेरिल, हा कागद वाचायला तू चष्मा शोधत असशील. तो तुझ्या डोक्यावर आहे. लावलास? आता वाच.

मी, मर्टल जॉर्ज, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर (मिशनवाल्यांनी माझे वय दात पाहून ठरवले होते), पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगत आहे. मला अक्षर येत नाही. वकीलबाई फिलिपा लिहीत आहेत; लिहून झाले की मला वाचून दाखवतील. मूत्रपिंडे गेली आहेत. रक्त धुणारे मशीन मला ऑगस्टपर्यंत ओढेल असे डॉक्टरांना वाटत नाही.

१. घर सरकारचे आहे, ते कोणाला देता येत नाही. माझी पहार नणंद क्वीनीने नऊ वर्षांपूर्वी "उद्या देते" म्हणून नेली. ती आता तिचीच.

२. टोयोटा गाडी रीतीप्रमाणे लांबच्या नात्यात जायला हवी. तसे करू नये. माझी सावली तीत राहू नये म्हणून धुरी देऊन ती मंडळाला द्यावी. पोलिसांनी धरलेले पोर कोर्टात न नेता मंडळात आणतात, आम्हा म्हाताऱ्यांपुढे, झाडाखाली. ज्याचे नुकसान केले तो माणूस समोर बसतो. मग भरपाईचे काम, मग आठवडाभर आमच्याबरोबर रानात. माझा मुलगा डॅरिल सोळाव्या वर्षी पकडला गेला तेव्हा मंडळ नव्हते. तुरुंगातून आला, पण पुढे कायम भिंतीला पाठ लावूनच जेवला.

आता नात कीलीने शाळेच्या काचा फोडल्या आहेत. तिचे निम्मे काम झाले आहे. अनुदान थांबले तर मंडळ बंद, आणि तिचा कागद सरळ कोर्टात.

३. हे कलम नीट लिहा, फिलिपाबाई. गेलेल्या माणसाचे नाव आम्ही घेत नाही. गेल्या वर्षी आमचे थोरले गेले. महिन्याने अनुदानाचे साहेब आले. विचारले, "हे मंडळ सुरू कोणी केलं?" अर्जावर थोरल्यांचे नाव होते. सगळ्यांनी जमिनीकडे पाहिले. साहेबांनी लिहिले, गावाला रस नाही, आणि अनुदान निम्मे केले. मग आमच्या शहाण्यांनी अर्जावर नवे नाव घातले. कोणाचे? माझे. शोधून शोधून पुन्हा म्हातारीच धरली.

पुढचा निर्णय १४ ऑगस्टला आहे.

तोवर मी गेलेली असेन. तेव्हा साहेबांपुढे माझे नाव घेशील का, असे भाची चेरिलला इथेच, मशीनजवळ, विचारून पाहिले.

"मावशी, तुझं नाव घेतलं तर तू परत येशील."

"भांडी तशीच पडलेली असतील तर नक्की येईन."

"चेष्टा करू नकोस. माझी जीभ नाही वळायची."

"मग मी आहे तोवर सराव कर. म्हण."

एकदा म्हणाली, तेही उशीत तोंड घालून. साहेबांना उशीतले ऐकू येणार नाही. मला झोप लागत नाही ती मशीनमुळे नाही, याच्यामुळे.

म्हणून मी परवानगी देते: १४ ऑगस्टला, त्या खोलीत, त्या कामापुरते, चेरिलने माझे पूर्ण नाव मोठ्याने घ्यावे. दोष लागला तर तो मला लागो. पोरांना मंडळात आणणारा सार्जंट कॉलिन चांगला माणूस आहे, पण नाव त्याने घेऊ नये. पोलीसच बोलला की साहेब पुन्हा लिहितील, गावाला रस नाही. बैठक संपली की सगळ्यांनी गप्प व्हावे, रीतीप्रमाणे.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

मर्टल जॉर्ज, डाव्या हाताचा अंगठा (उजव्या हाताला नळी आहे)
साक्षीदार: ग्रेटा लिंडनर, परिचारिका, कॉलिन मेबरी, सार्जंट
ॲलिस स्प्रिंग्ज, ऑस्ट्रेलिया, २ जून २०२३

अंगठ्यानंतर सांगितलेले: बैठकीच्या दिवशी सकाळी चेरिलकडे निखाऱ्यात भाजलेले कांगारूचे शेपूट पाठवावे, जाड बाजूचे, आणि चहात चार चमचे साखर. घाबरली की ती जेवत नाही, आणि उपाशी पोटी तिचा आवाज फुटत नाही.