हिंगाचा दोरा

नाना,

आज आमटीला फोडणी दिली आणि हिंगाचा वास आला. तुम्हाला यात विशेष काय वाटणार म्हणा. पण तापानंतर गेले काही दिवस माझं नाक पार मेलं होतं. कढीपत्ता चुरगळून पाहिला, उदबत्तीवर वाकले, हिंगाची डबी नाकाशी धरून बसले, तरी काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण लहानपणापासून माझी किंमत काय ती नाकावरूनच ठरलेली. आज तेल तापलं, मोहरी तडतडली, चिमूटभर हिंग टाकला आणि तो उग्र वास एकदम डोक्यात शिरला. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून चक्क रडले, मग हसत सुटले. सून धावत आली, म्हणाली, काय झालं, भाजलं का. म्हटलं, नाही गं, नानांची आठवण आली. तिनं बिचारीनं तुम्हाला पाहिलेलंही नाही.

हिंग म्हटलं की मला थंडीतले ते दिवस दिसतात. नेपाळकडचा तो कस्तुरीवाला थंडी पडली की यायचा. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीतलं आपलं घर, पुढच्या खोलीत तुमचा दवाखाना, मागे आईचं स्वयंपाकघर आणि मधे एक पडदा. तो येऊन बसला की पडद्यापलीकडून तुमची हाक यायची, सुई, दोरा आणि हिंग. आई गोधडी शिवायची सुई काढून द्यायची आणि पुटपुटायची, अख्ख्या काशीत हा एकच वैद्य, ज्याला स्वतःचं नाक नाही. खोटं नव्हतं ते. तपकीर ओढून ओढून तुमचं नाक केव्हाच बाद झालं होतं, म्हणून त्या कामाला माझं नाक. तुम्ही दोऱ्याला हिंग चोळायचात, कस्तुरीच्या नाभीतून, म्हणजे हरणाच्या पोटाखालून कापलेल्या त्या केसाळ, अक्रोडाहून थोड्या मोठ्या पिशवीतून, सुई आरपार काढायचात आणि दोरा माझ्यापुढे धरायचात. कस्तुरी अस्सल असेल तर ती हिंगाचा वास गिळून टाकते. नकली असेल तर दोरा हिंगाचाच राहतो. मी डोळे मिटून हुंगते आहे, तुम्ही, तो व्यापारी आणि भिंतीशी बसलेले रोगी सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. फ्रॉकमधल्या पोरीला एवढा मान कुठे मिळतो? मी मुद्दाम वेळ लावायची.

एकदा मात्र घात झाला. मला पडसं झालं होतं आणि मी ते लपवलं, नाहीतर तुम्ही बोलावलं नसतंत. दोरा हुंगला, काहीच वास आला नाही, म्हटलं, नाना, खरी आहे. नाकच बंद, तर हिंग काय आणि कस्तुरी काय. तुम्ही घेतलीत. खलात घातली तेव्हा आत नुसतं वाळलेलं रक्त आणि कसलीशी माती निघाली. तुम्ही मला समोर उभं केलंत. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "चूक झाली तर झाली. पण माझं नाक म्हणून बसतेस ना, मग नाकानं माझ्याशी खोटं बोलायचं नाही." मी हुंदके देत मान हलवली. पडदा बाजूला करून आई म्हणाली, आधी तिचं नाक पुसा. मग तुम्हालाही हसू आलं.

ती कस्तुरी कशात जायची, ते साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. आपल्याकडची म्हातारी माणसं काशीला येत ती शेवटची म्हणूनच. मुलं कुठेकुठे लांब. वाचा बसली, डोळे मिटले की तुम्हाला बोलावणं येई, आणि तुम्ही सहाणेवर कस्तुरीची मात्रा मधात उगाळून बोटानं चाटवायचात. माणूस वाचायचा नाही, पण घटकाभर शुद्धीवर यायचा, मुलाला ओळखायचा, पाणी मागायचा. तेवढ्यावर तुमचं नाव होतं. दशाश्वमेधावरचे पंडेसुद्धा आपल्या यजमानांना तुमच्याकडे धाडायचे. मला त्याचा भारी अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

पुढे मी आयात-निर्यातीच्या परवान्यांच्या दफ्तरात लागले. नव्वदीचं दशक होतं, रोज काही ना काही खुलं होत होतं. कालपर्यंत ज्या मालासाठी लोक महिनोन्महिने चकरा मारायचे, तो आता कुणीही मागवावा. आमच्या खिडकीवरची गर्दी ओसरली. बंद राहिल्या त्या मोजक्या गोष्टी, घातक कचरा, आकाशातल्या ओझोनला भोकं पाडणारे वायू, आणि रानातल्या प्राण्यांची कातडी, दात, हाडं, नाभी. देशातली कस्तुरी तर आधीच बंद होती. बाहेरून आणायची तर परवाना, आणि परवाना हवा तर वन्यजीवांच्या अधिकाऱ्याची शिफारस, पाठवणाऱ्या देशाची संमती. व्यापारासाठी, औषधासाठी ती मिळत नव्हतीच. मी घरी आल्यावर हे सगळं सांगितलं तेव्हा तुम्ही ताटावरून मान वर करून म्हणालात, "सगळं उघडलं म्हणता, मग माझीच कस्तुरी कशी बंद?" मी म्हटलं, हरणं संपत चालली आहेत. तुम्ही म्हणालात, हरणं हजारो वर्षं आहेत आणि वैद्यही हजारो वर्षं आहेत.

तेव्हा वरच्या मजल्यावर आपल्या बिऱ्हाडकरू काकू होत्या. काशीवासाला आलेल्या, एकट्या, मुलगा तिकडे नागपूरला रेल्वेत. त्यांनी अंथरूण धरलं आणि तुमचा हात धरून शब्द घेतला, की मुलाला ओळखल्याशिवाय मला जाऊ देऊ नका. तुम्ही शब्द दिलात. आणि तुमच्या चांदीच्या डबीत तेव्हा कस्तुरीचा एक दाणा नव्हता. मग एका सकाळी तुम्ही धुवट धोतर नेसून, काळी टोपी घालून माझ्याच खिडकीशी येऊन उभे राहिलात. हातात शुद्ध हिंदीतला अर्ज, वर 'मान्यवर महोदया'. सगळं दफ्तर गालातल्या गालात हसतंय, मी लाजेनं लाल. साहेबांनी तुम्हाला आत नेलं, चहा पाजला, नियम समजावला आणि हात जोडले. तुम्ही उठून निघून गेलात, चहाही अर्धा ठेवलात. घरी माझ्याशी अबोला. जेवताना मीठ हवं तर आईला सांगायचात, तिला म्हणावं मीठ दे. मला राग यायचा तुमचा, नाना. काकू वर निपचित पडलेल्या, त्यांच्या मुलाला तार गेलेली, आणि तुमच्या त्या शब्दाच्या आड एकटी मी उभी, असं तुम्ही मला वाटायला लावलंत.

आणि रविवारी तो कस्तुरीवाला दारात. कुणी निरोप धाडला होता की नाही, मला आजही ठाऊक नाही. तुम्ही परवान्याचं विचारलंत तर तो माझ्याकडे बघून हसला, "परवाना तो बिटिया के दफ़्तर में है, वैद्य जी." त्यानं कमरेची पुरचुंडी सोडली. तुम्ही हाक मारलीत, सुई, दोरा आणि हिंग. आईनं ते आणून ठेवलं, या वेळी तोंडातून अक्षर न काढता. घरात चोरीची कस्तुरी आली तर माझी नोकरी गेली, तुमचं नावही गेलं. नाही आली तर काकूंना दिलेला शब्द गेला. तुम्ही दोरा ओढलात आणि माझ्या हातात दिलात. मी डोळे मिटले. इतक्यात तुम्ही त्याला सहज विचारलंत, नाभी तर नराचीच असते, मग फासात मादी सापडत असेल तर तिचं काय करता? तो पुरचुंडी बांधता बांधता म्हणाला, "फंदा थोड़े ही देखता है. मादा भी फँसती है, बच्चा भी. फेंक देते हैं."

तुम्ही सुई खाली ठेवलीत. मग माझ्या हातातला दोरा ओढून घेतलात, स्वतःच्या त्या मेलेल्या नाकाशी नेलात, मोठ्यानं हुंगलात आणि म्हणालात, "हिंगाचा वास येतोय. नकली आहे. घेऊन जा." तो बिचारा चक्रावला. शपथा घेऊ लागला, म्हणाला, बिटियाला विचारा. तुम्ही म्हणालात, बिटियाला पडसं झालंय. मला पडसंबिडसं काही नव्हतं. तो गेल्यावर माझ्या छातीवरचा धोंडा कुणी उचलावा तसं झालं होतं. आई मात्र आत जाऊन हिंगाची डबी जागेवर ठेवताना म्हणाली, चला, इतक्या वर्षांनी नाक उघडलं म्हणायचं.

मात्रा तुम्ही लताकस्तुरीच्या बियांची केलीत. जुन्या वैद्यांनीच सांगितलेली, स्वस्तातली, झुडपाला लागणारी. सहाणेवर मधात उगाळलीत. काकूंना चाटवलीत, त्या हलल्यासुद्धा नाहीत. दुपारी मुलगा आला, बॅग खांद्यावर तशीच, आणि जिन्यातूनच त्यानं हाक मारली, आई. काकूंनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?" दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. गल्लीभर तुमच्या मात्रेचा बोलबाला झाला. तुम्ही मात्र संध्याकाळी मला घाटावर घेऊन गेलात. पायरीवर बसलात, तपकिरीची डबी काढलीत आणि किती तरी दिवसांनी माझ्याशी बोललात. म्हणालात, "मात्रेनं नाही उघडले गं डोळे. मुलाच्या हाकेनं उघडले. आणि आजवर किती वेळा असंच झालं असेल, कोण जाणे." मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटतंय. तर तुम्ही दीर्घ श्वास सोडलात आणि म्हणालात, "सुटलो बघ मी." त्यानंतर कस्तुरीचं नाव तुम्ही काढलं नाहीत.

तुमच्या शेवटच्या वेळी शेजारी म्हणाले, वैद्यांच्या घरी मात्रा नाही? मी म्हटलं, नाही. मी नुसती हाक मारली, नाना. तुम्ही डोळे उघडलेत आणि तपकिरीची डबी मागितलीत. मी ती तुमच्या हातात दिली. ओढायची ताकद नव्हती, पण मुठीत धरून ठेवलीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. गंगेत सोडावं म्हटलं तर तुम्हीच ओरडाल, नदीत कागद टाकतेस म्हणून. पण नाक बंद होतं त्या दिवसांत, डबी नाकाशी धरून बसलेले असताना, एक गोष्ट मला पुरती पटली. मेलेल्या नाकाला हिंगाचा वास येत नाही, नाना, कितीही मोठ्यानं हुंगलं तरी. दोऱ्याला हिंगाचा मागमूस नव्हता. कस्तुरी अस्सल होती, इतकी अस्सल मी आयुष्यात हुंगली नव्हती. आणि तुम्ही दोरा ओढून घेतलात तेव्हा माझ्या जिभेवर 'नकली' हा शब्द आला होता. अजून एक श्वास तुम्ही थांबला असतात, तर मी तो बोलले असते.