सालवडच्या थांब्यावरील पूर्ण तिकीट

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज भर बसमध्ये माझा अपमान झाला.

पत्नी गोजराबाईस आधी चढविले, तिची चार पायांची काठी आत घेतली, मग मी चढलो. पालघरची दोन तिकिटे मागितली. पूर्ण भाडे हातावर ठेवले. वाहक हेमाली हिने एक तिकीट पूर्ण दिले आणि दुसरे सवलतीचे, अर्धे! वर उरलेले पैसे परत केले. मी विचारले, हे कोणी मागितले? ती क्षणभर गोजराबाईकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चुकून दाबलं गेलं, बाबा. मशीन हाय ते." मी तिकीट बदलून मागितले. "छापलेलं परत नाय होत. ऱ्हाऊ द्या ना, अर्धं तर अर्धं." मागे बसलेल्या दोघी हसल्या. मला किळस आली — त्या हसण्याची, त्या चिटोऱ्याची, परत मिळालेल्या नाण्यांची.

एकेचाळीस वर्षे कारखान्यात रंगाच्या टाक्यांवर उभा राहिलो. शिक्षण चौथी. परंतु कोणापुढे हात पसरला नाही. आठ गावांच्या समितीने म्हाताऱ्यांचे व अपंगांचे अर्धे भाडे आपण भरण्याचे ठरविले, त्याच दिवशी मी थांब्यावर सर्वांस सांगितले होते की ही भीक आहे. भिका आणि इतर सोबत्यांनी ते मानले. सालवडच्या थांब्यावर म्हातारा माणूस पूर्ण तिकीट काढतो. दोन वर्षांत ती रीत मोडली नव्हती.

 गोजराबाई वाटभर पदराखाली काहीतरी चाचपडत बसली होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

समितीच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. चार मुद्दे. एकही खाडाखोड नाही. पोच घेतली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बसवर दुसरा वाहक होता. हेमालीस आठ दिवस बिनपगारी घरी बसविले आहे असे त्याच्याकडून कळले. मी म्हणालो, योग्य झाले. गोजराबाई म्हणाली, "आसं करायचं नव्हतं तुमी. लेकरं हायेत तिला." अर्धांगवायूनंतर ती फार कमी बोलते, बोलली ती हे! मी सांगितले की शिस्त म्हणजे शिस्त. ती पालघर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

उपचाराच्या खोलीत मात्र चांगले घडले. तिने उजव्या हाताने चमचा धरला. पडला, परंतु धरला. चौदा महिन्यांत प्रथमच. उपचार करणाऱ्या तेजलबाई म्हणाल्या, "आजोबा, मंगळवार-शुक्रवार अजून तीन महिने चुकवू नका. हात परत येतोय. आता सोडलंत तर बोटं आखडतील ती कायमची."

चुकविणार नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बसच्या काचेवर सूचना चिकटविली आहे. तीही तिरकी. एक एप्रिलपासून सालवडचा फेरा बंद. बस मोठ्या रस्त्याने सरळ जाईल.

मोठा रस्ता आमच्या घरापासून दीड किलोमीटर. गोजराबाई घरापासून थांब्यापर्यंतची शंभर पावले दोनदा थांबून चालते. एसटी आत येत नाही. आठवड्यातून दोनदा पालघरला रिक्षा करावी तर माझे निवृत्तिवेतन पंधरवड्यात संपेल.

हेमाली कामावर परतली आहे. दोन पूर्ण तिकिटे दिली. नजर वर केली नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

समितीच्या कार्यालयात गेलो. जिन्याचे कोपरे पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल. टेबलावर फायलींच्या मधोमध वडापावचा तेलकट कागद. धुतलेले धोतर नेसून गेलो होतो. कोठे टेकावे हे कळेना.

धीरज नावाचा लिपिक आहे. त्यास विचारले, फेरा का बंद? त्याने तोंडातला घास संपवून उत्तर दिले.

"फेरा कोणासाठी होता, आजोबा? म्हाताऱ्यांसाठी. सालवडला म्हातारे हायतच कुठं?"

मी म्हणालो, समोर एक उभा आहे.

"मला दिसतोय. कागदावर दिसत नाय ना." त्याने एक तक्ता माझ्यापुढे सरकविला. "सवलतीच्या तिकिटामागे समिती ठेकेदाराला पैसे देते. तेवढ्यासाठी तो गाडी आत घालतो. बाकी थांबे बघा. दोन हजार, तीन हजार, चार हजार. आता सालवड बघा."

सालवडपुढे आकडा होता एक. संपूर्ण वर्षात एक.

मी सांगितले की रोज दहा-बारा वृद्ध त्या थांब्यावर चढतात व पूर्ण भाडे देतात. तो हसला. "मशीनला वय कळत नाय, आजोबा. सवलतीचं बटण दाबलं तरच तो म्हातारा. पूर्ण तिकीट काढलंत म्हंजे तुमी जवान." नंतर त्याने फाईल उघडली. आत माझे पत्र. माझे अक्षर, माझी सही, चारही मुद्दे. "हे एक तिकीट चार फेब्रुवारीचं. ते पण चुकीचं, तुमीच लिहून दिलंय. बैठकीत वाचलं ना हे. अध्यक्ष म्हणाले, बघा, सालवडला सवलत नकोच हाय, दिली तर तक्रार करतात. झालं, फेरा बंद."

मी माझ्या नावे सवलतीचे कार्ड मागितले. जिभेवर शब्द येईना, तरी मागितले.

"नवी कार्डं बंद केलीत. त्या पैशात थांब्यावर बाक येतोय. ग्रॅनाइटचा. अध्यक्षांच्या आईच्या नावाचा."

जिना घाईघाईने उतरलो. पिचकाऱ्यांमुळे, असे लिहिणार होतो. ते खरे नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

फेरा चालू ठेवावा असा अर्ज लिहिला. खाली लिहिले: आम्ही सवलतीस पात्र असून ती आम्हांस हवी आहे. थांब्यावर सह्यांसाठी नेला.

भिकाने कागद दूर धरून वाचला. "हवी हाय? कोणाला? रामकिसनदादा, तूच बोलला होतास ना, सवलत घेईल तो भिकारी."

मी म्हणालो, माझे चुकले.

"तुझं चुकलं म्हणून आमी लिहून द्यायचं? दोन वरसं पुरा पैसा भरला आमी तुझ्या शब्दावर. माझी सून रोज बोलायची, कार्ड काढा, कार्ड काढा. तिला मी सांगायचा, आमच्या थांब्याला इज्जत हाय." दुसरा एक जण म्हणाला, "आता इज्जत घेऊन चालत जा मोठ्या रस्त्याला." सगळे हसले. मीही हसावे अशी त्यांची अपेक्षा असावी.

शेवटी भिकाने सही केली. "वहिनीसाठी करतो. तुझ्यासाठी नाय." मग बाकीच्यांनी अंगठे दिले. अकरा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तक्रार मागे घेत असल्याचे पत्र घेऊन बसमध्ये चढलो. हेमालीस दाखविले. माझ्यामुळे आठ दिवसांचा पगार गेला, मला क्षमा कर, असे सर्वांसमक्ष म्हणालो. शब्द घरून पाठ करून आणले होते.

ती म्हणाली, "पगार गेला तो गेला, बाबा. पन ती माझी चूक नव्हती." मग कोणाची, असे विचारले. तिने पुन्हा गोजराबाईकडे पाहिले. "जाऊ द्या. सुटे द्या, पुढं चढणारे हायत."

मशीनची असावी.

१८ मार्च, मंगळवार

अर्ज फेटाळला. वर्षाचा आकडा धरतात, नंतर दिलेले अंगठे धरीत नाहीत. धीरजने हे फोनवर सांगितले. मागे कोणीतरी मोठ्याने हसत होते. या लोकांचा मला वीट आला आहे. त्यांना दूषणे देऊ लागलो की मात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझीच सही दिसते.

गोजराबाईने आज वाटी उचलली. रिकामी. तेजलबाईंनी टाळ्या वाजविल्या. फेरा बंद होतो आहे हे मी त्यांना सांगितले नाही.

२८ मार्च, शुक्रवार

शेवटची खेप. उतरताना हेमालीने गोजराबाईचा दंड धरून खाली घेतले व तिच्या कानात काही सांगितले. गोजराबाईने नकारार्थी मान हलविली. मला पाहून दोघी बाजूला झाल्या.

१ एप्रिल, मंगळवार

वार मंगळवार म्हणून गोजराबाई सकाळीच लुगडे नेसून तयार. मी तिची काठी पुढे केली. थांब्यापर्यंत गेलो. बस आली नाही. बाक आला आहे. गुळगुळीत, काळा, वर सोनेरी अक्षरे. मी त्यावर बसलो नाही. गोजराबाई बसली, तिला उभे राहवत नाही.

बऱ्याच वेळाने तिने पदराखालची पिशवी उघडली. उजव्या हाताने. बोटे तीनदा घसरली. आतून सवलतीचे कार्ड काढले. तिच्या नावाचे, दोन वर्षांपूर्वीचे. भिकाच्या सुनेबरोबर जाऊन केले होते म्हणे, आजारपणाच्या आधी. कधी वापरले नाही.

"त्या दिशी पैल्यांदा बोटात धरता आलं. म्हनून त्या पोरीला दावलं. तुमी हात बघताल वाटलं."

मी तेव्हा तिकिटाकडे पाहत होतो.